मुळशी धरण : लाभ-हानीच्या हिशेबाचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

जलविकास प्रकल्पाचे मूल्यमापन करताना एका बाजूस आर्थिक लाभ व दुसऱ्या बाजूस सामाजिक आणि पर्यावरणीय हानी मांडण्याची पद्धत आज रूढ आहे. मात्र या हिशेबात काय नोंदवावे आणि काय वगळावे हे कोण ठरवितो, हा त्याआधीचा प्रश्न होय. पुणे जिल्ह्यातील मुळशी धरणाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रकल्पाची आर्थिक बाजू

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या दूरवरून येणाऱ्या कोळशावर अवलंबून होत्या. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी अडवून ते कोकणच्या बाजूस सोडल्यास वीज निर्माण करता येते, या कल्पनेतून टाटा उद्योगसमूहाने १९१५ मध्ये खोपोली आणि १९२२ मध्ये भिवपुरी येथील वीजकेंद्रे सुरू केली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुळा नदीवर मुळशी येथे धरण बांधण्याचे काम हाती घेतले. त्याच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये कार्यान्वित झाले. कोळशाची बचत व धुराविना मिळणारी वीज हे लाभ खरे होते. ते नाकारून या प्रकल्पाचा विचार करता येणार नाही.

शेतकऱ्यांची बाजू

जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये घेण्यात आल्या. खासगी कंपनीसाठी शासनाने जमीन संपादन करण्याची तरतूद या कायद्यात होती. आंबेमोहोर भाताची खाचरे पाण्याखाली जाणार, हे लक्षात येताच मावळातील शेतकरी संघटित झाले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रहास प्रारंभ झाला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे हेही आघाडीवर होते. स्त्रियांचा सहभाग लक्षणीय होता. तथापि विरोधकांत एकवाक्यता नव्हती. परिसरातील बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या हाती गेल्या होत्या आणि त्यांपैकी अनेकांना वाढीव मोबदला पुरेसा वाटत होता. मोबदला मालकीहक्कावर ठरत असल्याने कसणाऱ्या कुळाच्या उपजीविकेला त्यात फारसे स्थान नव्हते. १९२४ च्या अखेरीस बापटांना दीर्घ कारावास झाला आणि लढा ओसरला.

न नोंदलेली हानी

या वादात दोन्ही पक्षांचे लक्ष मुख्यतः जमिनीवर केंद्रित होते. पाण्याच्या दिशाबदलाचा प्रश्न मागेच राहिला. मुळेचे पाणी स्वभावतः मुळा-मुठेतून भीमेस व पुढे कृष्णेस मिळते. वीजनिर्मितीसाठी ते घाट उतरून कुंडलिकेच्या खोऱ्यात व अखेरीस अरबी समुद्रात जाते. कोकणातील काही भागास त्याचा उपयोग होतो, हे खरे. परंतु भीमा खोऱ्याचा पूर्वेकडील प्रदेश अवर्षणप्रवण आहे. त्यामुळे हे पाणी पूर्वेकडे सोडावे, ही मागणी दुष्काळाच्या काळात पुढे येत राहिली आहे. १९२१ मध्ये जी हानी हिशेबात जवळजवळ नव्हती, तीच शतकानंतर सर्वाधिक वादाची ठरली आहे.

समारोप

महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने १८९४ चा कायदा रद्द करून सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरविली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी मागितलेला 'नाही' म्हणण्याचा अधिकार अशा रीतीने काही अंशी मान्य झाला. मात्र खाली दूरवर राहणारा नदीकाठचा समाज आणि भावी पिढी यांची संमती घेण्याचा मार्ग कोणत्याही कायद्यात नाही. म्हणून लाभ-हानीचा ताळा एकदा मांडून बंद करण्याऐवजी ठरावीक काळाने पुन्हा तपासणे आवश्यक आहे, हाच मुळशीच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.