भामरागडच्या वाटेवरची क्लचप्लेट

आलापल्लीच्या मिस्त्रीकडे क्लच घसरतो म्हणून गाडी नेली, तेव्हा किलोमीटरच्या काट्याकडे त्यानं पाहिलंही नाही. ‘‘कोणत्या रस्त्यानं चालते?’’ एवढंच विचारलं. भामरागड म्हटल्यावर मान हलवली आणि जॅक काढायला गेला.

प्रश्न अगदी नेमका होता. क्लचप्लेट अंतरानं झिजत नाही. फिरतं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ घालताना जे काही क्षण ती घासते, तेवढ्यातच तिचं आयुष्य जातं. पायडलवरचा पाय पूर्ण उचलला, की फ्लायव्हील आणि प्लेट एकजीव होऊन फिरतात, झीज थांबते. त्यामुळे नागपूरच्या हायवेवर धावणाऱ्या गाडीची प्लेट लाखभर किलोमीटरही काढते. तीच गाडी रेतीत फसली, रपट्याच्या चढावर हाफ क्लचवर रेटली, चिखलात दहादा पुढेमागे हलवली, तर एका पावसाळ्यात अस्तर संपतं. चंद्रपूर-गडचिरोलीत क्लचचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी नाल्यांचा आणि पुलांचा इतिहास आहे.

या वस्तूचं मूळ मात्र फार लांबचं. कार्ल बेंझच्या १८८५च्या तीनचाकीत आजच्यासारखा क्लच नव्हताच. मोकळ्या पुलीवरचा पट्टा पक्क्या पुलीवर सरकवला की गाडी निघायची. त्यानंतर शंकूच्या आकाराचा क्लच आला, त्यावर कातड्याचं अस्तर. या कातड्याची निगा वाचताना मला फार जवळचं काही सापडल्यासारखं वाटलं. कातडं घसरायला लागलं की त्यावर मुलतानी माती टाकत. वाळून कडक झालं, गाडी झटके देऊ लागली, की गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल किंवा एरंडेल चोळत. बंडीच्या आखाला वंगण घालणाऱ्या माणसाला ही निगा कुणी वेगळी शिकवावी लागली नसती.

अस्तराची पुढची पिढी इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगरउतारांवर जन्मली. गाडीवान उतारावर चाक रोखायला जुने बूट वापरतात, हे हर्बर्ट फ्रूडनं पाहिलं आणि १८९७मध्ये त्यानं घर्षणाच्या अस्तरांचा धंदा सुरू केला. त्याच्याच आडनावाची अक्षरं फिरवून आणि त्यात एक ‘ई’ घालून ‘फेरोडो’ हे नाव झालं. आधी सूत आणि केस, नंतर अ‍ॅस्बेस्टॉस. उष्णता सोसणारं अस्तर हाती आल्यावर कोरड्या, एका चकतीच्या क्लचनं शंकूला मागे टाकलं. आजच्या गाडीतला क्लच त्याच घराण्यातला.

चांद्याच्या जंगलात तोवर ओझं ओढायला बैल होते, आणि सागाचे ओंडके हलवायला हत्ती. कमलापूरचा वनखात्याचा हत्तीतळ आज पर्यटकांना माहीत आहे. तिथले हत्ती मुळात लाकूडकामासाठी होते. ओंडक्याला कपाळ टेकवून हत्ती आधी नुसता भार देतो. ओंडका जरा हलला की जोर वाढवतो, झटका देत नाही. ट्रकला हीच समज लोखंडातून द्यावी लागते, आणि ती देण्याची जागा म्हणजे क्लच.

महायुद्धानं जीप दिली आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. रस्ते नसलेल्या मुलखात ती टिकली, यामागे फोर-व्हील ड्राइव्हचं श्रेय सगळे सांगतात. मला तिच्या क्लचच्या घरातलं एक छोटं भोक जास्त मोलाचं वाटतं. लष्करी जीपच्या फ्लायव्हील हाउसिंगला खाली निचऱ्याचं भोक असे, ओलावा आणि तेल बाहेर पडावं म्हणून. खोल पाण्यात उतरण्याआधी त्याला बूच लावायचं, पलीकडे गेलं की आठवणीनं काढायचं. गाडी नदीतून जाणार, हे आखणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं. आजच्या मोटारी काढणाऱ्यांच्या मनात पर्लकोटा नदी नसते. पावसाळ्यात तिचं पाणी पुलावरून जातं आणि भामरागड जगापासून तुटतं. बाबा आमट्यांनी १९७३मध्ये हेमलकशाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा ही तुटलेली अवस्था आठवड्यांची नव्हे, महिन्यांची असे.

पाणी क्लचला दोन प्रकारे छळतं. ओली प्लेट लगेच घसरते, पण वाळली की बरेचदा सावरते. खरी पंचाईत नंतरची. पुरामुळे गाडी पंधरा-वीस दिवस एका जागी उभी राहिली, की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पायडल दाबलं तरी गिअर पडत नाही. जुने ड्रायव्हर मोकळी जागा बघतात, इंजिन गरम करून बंद करतात, गिअर टाकून, क्लच दाबून स्टार्टर मारतात आणि चालत्या गाडीला हलके ब्रेक देतात. ‘कट्’ असा आवाज येतो, प्लेट सुटते. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

पूर्वी गिअरबॉक्स उतरवला म्हणजे नवी प्लेट टाकली, असं नव्हतं. जुन्या प्लेटचे रिव्हेट छिन्नीनं उडवायचे, नवं लाइनर बसवायचं, रिव्हेटची डोकी अस्तरात खोल बुडाली की नाही हे बोटानं चाचपायचं. एक डोकं वर राहिलं तर फ्लायव्हीलवर चर पडतो आणि ते लेथवर न्यावं लागतं. प्लेट मध्यावर धरायला मोडलेल्या गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट जपून ठेवलेला असे. प्रेशर प्लेटचे लिव्हर एका उंचीत लावणं हे तर कानाडोळ्याचं काम नव्हेच. या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याची एक किंमतही होती. क्लचच्या घरातली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवली जायची आणि त्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. फुप्फुसाचा कर्करोग देणारं. युरोपीय संघानं २००५मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ते अजूनही आयात होतं. ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्यानं पुसावी, हे प्रत्येक शेडमध्ये भिंतीवर लिहिलेलं असावं.

हळूहळू लिव्हर गेले, त्यांच्या जागी एकसंध डायफ्राम स्प्रिंग आली. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट खोक्यात मिळू लागला. त्यातले काही आपल्याच छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत बनतात. त्यानं काम सोपं झालं, याचं मला दुःख नाही. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या झाडीपट्टीत रोज नव्या गावी निघतात, नट, पेटी, पडदे सगळं गाडीत. संध्याकाळी जंगलात क्लच बसला तर पहाटेपर्यंत थांबलेल्या मंडपाला लाइनर मारण्याचं कौतुक काय सांगणार?

परीक्षा मात्र तीच राहिली. हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरते आहे. चालूच राहिलं तर घसरते आहे. वायरच्या क्लचमध्ये अस्तर झिजेल तसा पायडलचा मोकळा प्ले कमी होतो. तो वेळेत लावला नाही तर चांगली प्लेटही जळते. हायड्रॉलिक क्लचचं तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर ते बदललेलं बरं.

आता या रस्त्यांवर नवी वर्दळ आहे. सूरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रक आलापल्ली, आष्टीकडे उतरतात. पावसानं रस्ता फुटला की मैलभर रांग लागते, आणि भरलेला ट्रक दर चार हातांवर थांबतो, निघतो, थांबतो.

मिस्त्रीच्या शेडमागे जुन्या प्लेटांचा ढीग आहे. वरच्या खनिजाच्या ट्रकांच्या, जळक्या वासाच्या, उष्णतेनं निळ्या पडलेल्या. मी एकेक उचलून पाहत होतो. त्यानं तळातून एक लहानशी ओढून काढली, तिच्या तांबूस गंजावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘‘ही पर्लकोट्याची.’’