विद्यापीठाचे निर्णय आणि सामाजिक जबाबदारी : कोण ठरवते, आपण काय तपासावे?

विद्यापीठ म्हटले की आपल्याला परीक्षा, निकाल आणि पदवीदान आठवते. वसतिगृहाचे शुल्क किती, रिकाम्या जागा कधी भरायच्या, शिष्यवृत्ती येईपर्यंत विद्यार्थ्याला थांबू द्यायचे की नाही, हे कोण ठरवते याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. सामाजिक जबाबदारी हा शब्द विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतोच. ती पाळली जाते की नाही, हे कळायचे तर बैठकांचे निर्णय वाचावे लागतात.

बाबासाहेबांनी आधीच दाखवलेली दिशा

१९२७ साली मुंबई विधिमंडळात मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर चर्चा झाली. तेव्हा बाबासाहेबांनी दोन मुद्दे ठामपणे मांडले. एक, विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारे यंत्र नव्हे. ऐपत नसलेल्या पण पात्र असलेल्या माणसापर्यंत उच्च शिक्षण नेणे हे त्याचे काम आहे. दोन, त्यासाठी मागासवर्गीयांचे प्रतिनिधी सिनेटवर असले पाहिजेत.

पुढे त्यांनी स्वतः संस्था उभी केली तेव्हा हाच विचार कारभारात उतरवला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला आजचे मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सिद्धार्थमध्ये सकाळी लवकर वर्ग भरत. वेळापत्रक ही वरवर किरकोळ बाब, पण त्या एका निर्णयाने कामकरी मुलांना पदवीची वाट मोकळी झाली.

आज निर्णय कुठे होतात?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालील व्यवस्थापन परिषद ही विद्यापीठाचे मुख्य कार्यकारी आणि धोरण ठरवणारे प्राधिकरण आहे. अभ्यासक्रम आणि शैक्षणिक दर्जा विद्या परिषद पाहते. अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, अंदाजपत्रक आणि वार्षिक अहवालावर चर्चा होते. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा असतात. त्यांपैकी ५ राखीव असतात. अधिसभेतून काही सदस्य व्यवस्थापन परिषदेवर जातात, त्यांत पदवीधरांचेही प्रतिनिधी असतात.

निर्णय तपासण्याच्या चार कसोट्या

*पैसा कधी मागितला जातो?* प्रवेश आधी होतो, शिष्यवृत्ती मागाहून येते. मधल्या काळात पूर्ण शुल्क मागितले तर शेतमजुराच्या घरातली मुलगी कागदोपत्री पात्र असूनही घरी बसते.

*राहायची सोय काय?* दुरुस्तीसाठी वसतिगृह बंद करताना पर्यायी जागा दिली का? शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पण म्हणून विद्यापीठाला हात झटकता येत नाहीत.

*शिक्षक कोण?* बिंदुनामावली तयार असूनही राखीव पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि काम तासिका तत्त्वावर भागवले जाते. पदभरती पुढे ढकलणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची कारणे विचारली पाहिजेत.

*तक्रार कोण ऐकतो?* विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या नियमावलीत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. नाव फलकावर लागले म्हणजे कक्ष चालू आहे असे नाही. किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे पाहावे.

या चारही गोष्टी एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येऊ शकतात. हैदराबाद विद्यापीठातील पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढण्यात आले होते. त्यांतील रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. सात महिन्यांची फेलोशिप मिळालेली नाही, हे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले होते. कार्यालयात अडकलेली एक फाईल विद्यार्थ्याच्या आयुष्यात किती मोठी असते, हे त्यावरून कळावे.

आपण काय करू शकतो?

पदवी मिळाली म्हणजे आपोआप मतदार होता येत नाही. पदवीधर मतदार म्हणून नोंदणी करावी लागते. निवडणूक जाहीर झाली की मुदत पाहून अर्ज भरावा, वस्तीतल्या इतर पदवीधरांचेही भरून घ्यावेत. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला वरचे चार प्रश्न विचारावेत. व्यवस्थापन परिषदेचे इतिवृत्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडले नाही, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली मागावे.

आपण १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला मोठ्या संख्येने एकत्र येतो. त्यांतल्या थोड्यांनी जरी वर्षातून दोनदा अधिसभेच्या कामकाजाकडे लक्ष ठेवले, तरी १९२७ च्या त्या मागणीला अर्थ राहील. तिथे राखीव जागा आज आहेत. त्यांवर बसलेल्यांना जाब विचारणे आपल्या हातात आहे.