तापणाऱ्या ट्रान्झिस्टरची गोष्ट



‘रेडिओ तपी गया’ असं म्हणून फळीवर ठेवून दिलेला एखादा जुना ट्रान्झिस्टर पारोळ्याच्या आसपास अजूनही बऱ्याच घरांत सापडेल. आवाज फाटतो, सेल दोन दिवसांत संपतात, मागून हात लावला तर गरम. आपल्याकडच्या उन्हाने तो गेला, असं आपण म्हणतो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे २० कार्यक्रम. लोकांनी एकत्र बसून ऐकायचं आणि मग त्यावर बोलायचं. आपलं खानदेश त्यात नव्हतं, नाशिकपर्यंतच ते आलं. आणि मंडळात बसणारे बहुतेक पुरुषच होते.

तेव्हाचे रेडिओ वाल्व्हचे. वाल्व्ह म्हणजे काचेचा छोटा बल्बच म्हणा. आतली तार तापल्याशिवाय तो काम करतच नाही. विजेवरचा रेडिओ लावला की आवाज यायला थोडा वेळ थांबावं लागायचं, ते याचसाठी. वीज नसेल तिथे मोठी, महाग बॅटरी लागायची. असा रेडिओ जागेवरून कोण हलवणार? तो चावडीत नाहीतर बैठकीच्या खोलीत. आपण ऐकायचं ते दाराआडून.

आता योग बघा. त्याच १९५६ साली बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना ट्रान्झिस्टरसाठी नोबेल पारितोषिक मिळालं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा चालला होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढी वस्तू, आत जर्मेनियम नावाचा पदार्थ. तार तापवायची गरज नाही, चार सेलवर काम भागतं. पुढे रेडिओलाच आपण ‘ट्रान्झिस्टर’ म्हणायला लागलो. तो खळ्यावर गेला, निंदणीच्या शेतात बांधावर बसला, चुलीजवळच्या कोनाड्यात आला. माझ्या मते बाईने कुणाला न विचारता रेडिओ लावला तो तेव्हापासून. (त्याचं लायसन्स मात्र पोस्टातून काढावं लागायचं, ते ऐंशीच्या दशकापर्यंत सुटलं नाही.)

पण ज्याला तापावं लागत नव्हतं, तोच आपल्याकडे तापायला लागला.

रेडिओत हवेतून येणारा इशारा फार बारीक असतो. तो वाढवत वाढवत शेवटी स्पीकरचा पडदा हलवण्याइतका मोठा करायचा, हे ॲम्प्लिफायरचं काम. सगळ्यात जास्त कष्ट शेवटच्या दोन ट्रान्झिस्टरना. उखळात दोघींनी आळीपाळीने मुसळ घालावं तसं ते चालतं. एकाने आवाजाची अर्धी लाट उचलायची, दुसऱ्याने उरलेली अर्धी. आवाज नसेल तेव्हा दोघं जवळजवळ विश्रांतीत, पण पूर्ण झोपलेले नाहीत. थोडासा करंट चालू ठेवलेला असतो, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना ठोका चुकत नाही. सगळी मेख या थोड्याशा करंटमध्ये आहे.

जर्मेनियम तापलं की त्यातून करंट गळतो. साधारण १० अंश तापमान वाढलं की गळती दुप्पट. गळती वाढली की ट्रान्झिस्टर आणखी तापतो, तापला की आणखी गळतो. आपण बचत गटातल्या बायका, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. हे चक्रवाढ व्याज आहे. मुद्दल म्हणजे वैशाखातलं ४४-४५ अंशांचं ऊन, त्यावर बंद चामड्याचं कव्हर, आणि रेडिओ उन्हात ठेवलेला. थंड मुलखात जो सेट वर्षानुवर्षं टिकला असता, त्याचं इथे दिवाळं निघणार.

हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एसी १२८ सारखा ट्रान्झिस्टर बसवताना त्याला पत्र्याची क्लिप लावत, उष्णता बाहेर जावी म्हणून. शेजारी थर्मिस्टर नावाचा एक भाग असे. गरमी वाढली की तो करंटला लगाम घालतो. दुरुस्तीला गेलेल्या सेटची क्लिप परत बसवलीच नाही, किंवा थर्मिस्टर मेला, तर नवा ट्रान्झिस्टरही जळणार. जळालेला भाग बदलून दिला म्हणजे दुरुस्ती झाली, असं मानणारे कारागीर बरेच असतात. तो का जळला, हे विचारायचा हक्क आपला आहे, पैसे आपले जातात.

सेलवर चालणारा सेट असेल तर आपण स्वतःही पाहू शकतो. विजेच्या वायरवर चालणारा मात्र उघडायचा नाही. आवाज अगदी शून्यावर आणून दहा-पंधरा मिनिटं थांबा. तरीही शेवटचे दोन ट्रान्झिस्टर गरम झाले, तर दोष त्या विश्रांतीच्या करंटमध्ये आहे. कारागिराकडे मीटर असतो. चांगला छोटा सेट आवाज बंद असताना १०-१५ मिलीअँपिअर घेतो. पन्नासच्या वर काटा गेला तर थर्मिस्टर, जुना गळका कपॅसिटर नाहीतर खुद्द ट्रान्झिस्टर तपासायला सांगा. ट्रान्झिस्टर बदलायचा तर दोन्ही जोडीने. मुसळ घालणाऱ्या दोघींचा जोर सारखा लागतो.

आणि मोठ्या आवाजातच तापत असेल तर? मग स्पीकर बघा. ८ ओमचा फाटला म्हणून ४ ओमचा बसवला असेल, तर ॲम्प्लिफायरवर जवळपास दुप्पट भार पडतो. अडॅप्टरही बघा. चार सेल म्हणजे ६ व्होल्ट, तिथे ९ व्होल्टचा लावला की घात.

पुढे जर्मेनियम मागे पडलं आणि सिलिकॉन आलं. ते १५० अंशांपर्यंत तग धरतं. सगळा ॲम्प्लिफायर एका चिपमध्ये मावायला लागला. उष्णतेचा प्रश्न मात्र संपला नाही, फक्त जागा बदलली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं. २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना रेडिओ केंद्र काढायची मुभा दिली. २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांनी संघम रेडिओ सुरू केला, आणि त्याच वर्षी साताऱ्यात म्हसवडला माणदेशीचं केंद्र. १९५६ साली मंडळाबाहेर राहिलेल्या बाया आता माईकपुढे आल्या, यंत्राच्या खोलीतही शिरल्या.

त्या खोलीतही एक ॲम्प्लिफायरच असतो, आपल्या ट्रान्झिस्टरच्या उलट्या दिशेचा. तो आवाज लहरीवर चढवून बाहेर फेकतो. घेतलेल्या विजेचा बराच भाग त्यात उष्णता होऊन जातो, म्हणून त्याला पंखा लागतो. ॲन्टेनाच्या केबलचा जोड सैल झाला की बाहेर जाणारी शक्ती परत फिरते आणि त्यालाच भाजते. आपल्या भागात कापसाच्या हंगामात पंख्याच्या जाळीवर तंतू आणि धूळ बसते. म्हणून यंत्र बंद करून ती जाळी दर आठवड्याला काढून झटकायची, आणि केबलचा जोड हाताने घट्ट आहे का ते पाहायचं.