पुडी, पट्टी आणि प्रमाण

तालुक्याच्या गावच्या जुन्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीला लागूनच एक अरुंद खोली असे, आणि तिच्या भिंतीतील चौकोनी खिडकीपुढे, घरून धुऊन आणलेली रिकामी बाटली हाती घेऊन, रोगी व त्यांचे आप्त रांगेने उभे राहत. आत कंपाउंडर डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम एकेक द्रव मापी, बाटली भरून बूच बसवी, आणि मग कागदाची पट्टी दुमडून, कात्रीने तिला समान अंतरावर खाचा पाडून, खळीने ती बाटलीच्या अंगाला चिकटवी. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचे औषध म्हणजे एक डोस. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही ही पट्टी वाचता येई. बाटलीतले मिश्रण त्या एकाच रोग्याकरिता, त्याचे वय, शक्ती आणि दुखणे ध्यानी घेऊन, तेथल्या तेथे सिद्ध झालेले असे. औषध माणसाच्या मापाचे असावे, हा जो विचार या खिडकीत नांदत होता, त्याची परंपरा दीर्घ आहे.

ती इंग्रजी अंमलाबरोबर आली असे कोणी समजू नये. शार्ङ्गधरसंहितेत बालकाच्या मात्रेचा नियम स्पष्ट आहे: पहिल्या महिन्यात एक गुंज, पुढे वर्ष भरेपर्यंत दरमहा एकेक गुंज अधिक, त्यानंतर सोळाव्या वर्षापर्यंत दर वर्षास एकेक मासा अधिक; आणि सत्तरीनंतर मात्रा पुन्हा क्रमाने उतरवावयाची. वैद्याच्या खलात जे शास्त्र होते, तेच घरातील आजीच्या सहाणेवरही होते. बाळगुटी उगाळताना वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ, अतिविष यांचे वेढे ती मोजून घेई. बाळाला शौचास साफ होत नसले तर हिरड्याचा वेढा वाढवी, पोट ढाळत असले तर जायफळाचा. वेढ्यांच्या त्या गणतीत त्या बाळाची त्या सकाळची प्रकृती उतरलेली असे.

1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि पुढील काळात पाश्चात्य वैद्यकाचे दवाखाने मुलखात पसरले, तसतशी गुंज, मासा, तोळा यांच्या शेजारी ग्रेन, ड्रॅम, औंस ही मापे येऊन बसली. विचार मात्र तोच राहिला. यंगच्या सूत्राप्रमाणे मुलाच्या वयात 12 मिळवून त्या बेरजेने वयाला भागले की प्रौढाच्या मात्रेचा किती अंश द्यावयाचा ते निघे: चार वर्षांच्या मुलास चतुर्थांश, सहा वर्षांच्या मुलास तृतीयांश. शार्ङ्गधर आणि यंग यांचा देश, काळ व भाषा भिन्न; पण लहान देहावर मोठ्या देहाचा भार पडू नये, ही चिंता दोघांचीही होती.

या कामाला किती जागरूक हात लागत, हे हिवतापाच्या मिक्श्चरवरून दिसेल. क्विनाइन सल्फेट पाण्यात सहजी विरघळत नाही; कंपाउंडर त्यात सौम्य सल्फ्यूरिक आम्लाचे मोजके थेंब घाली, तेव्हा ती पांढरी भुकटी विरून जाई आणि बाटली उन्हात धरली तर द्रवात निळसर झाक चमके. त्याच बाटलीत अनवधानाने सोड्यासारखा क्षार पडला, तर क्विनाइन पुन्हा साका होऊन तळाशी बसे; पहिले डोस निर्बळ जात आणि अखेरच्या डोसात नको तितके क्विनाइन पोटात जाण्याचे भय राही. कोणता जिन्नस कोणाशी नांदतो, हे जाणणे म्हणूनच या विद्येचे मर्म होते. पुडीचेही तसेच. थोडेसे तीव्र औषध दुग्धशर्करेच्या ढिगात एकदम टाकावयाचे नाही. जितके औषध तितकीच शर्करा प्रथम खलात घोटावयाची, मग त्या मिश्रणाइतकी आणखी, असे दुपटीदुपटीने वाढवीत न्यावयाचे, म्हणजे पहिल्या पुडीत जेवढा अंश तेवढाच बाराव्या पुडीतही उतरतो.

तथापि या व्यवसायाचे गुण गाताना त्याचे वैगुण्य झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुष्कळ कंपाउंडर केवळ पाहून पाहून शिकलेले होते, आणि बाजारातील औषधांच्या शुद्धतेचा भरवसा नव्हता. 1930 साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालाने औषधांवर नियंत्रण आणि औषध बनविणाऱ्यांना रीतसर शिक्षण यांची निकड मांडली. पुढे 1940 चा औषधविषयक कायदा व 1948 चा फार्मसी कायदा आला, आणि चिठ्ठीवरून औषध तयार करून देणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे काम ठरले. हा बंदोबस्त आवश्यकच होता.

त्यानंतरच्या दशकांत कारखान्यातील गोळ्यांनी मिक्श्चरची बाटली मागे सारली. सर्वत्र सारख्या शक्तीचे, टिकाऊ औषध गरिबालाही मिळू लागले, हे उपकार लहान नव्हेत. परंतु गोळी ठरावीक मापाची असते आणि माणसे तशी नसतात. ज्या वृद्धाला गोळी गिळवत नाही, ज्याला तिच्यातील रंग सोसत नाही, ज्याच्या त्वचेला दोन मलमे एकत्र घोटूनच हवी असतात, त्याच्यासाठी आजही कोणालातरी खल हाती घ्यावा लागतो.

मोठ्या रुग्णालयांत अकाली जन्मलेल्या, दूध न पचणाऱ्या अर्भकासाठी शर्करा, अमिनो आम्ले आणि क्षार यांचे शिरेतून द्यावयाचे मिश्रण रोजच्या वजनानुसार नव्याने सिद्ध करतात. खाचांच्या पट्टीऐवजी त्या पिशवीवर चिठ्ठी असते. बाळाचे बारसे अजून व्हावयाचे असते, म्हणून तिच्यावर त्याच्या आईचे नाव लिहितात.