अमेरिकेची आद्य सुवर्णनाणी

अमेरिकेत १७९५ ते १८३४ या काळात पाडलेली सोन्याची नाणी संग्राहकांच्या जगात ‘आद्य सुवर्णनाणी’ म्हणून ओळखली जातात. १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फिया येथे टांकसाळ स्थापन झाली. तेथून १७९५ मध्ये पाच डॉलरचे ‘हाफ ईगल’ व दहा डॉलरचे ‘ईगल’, तर १७९६ मध्ये अडीच डॉलरचे ‘क्वार्टर ईगल’ बाहेर पडले. सोने २२ कॅरटचे. ईगलचे वजन साडेसतरा ग्रॅम. आरंभी या नाण्यांवर किंमत कोरलेली नसे. वजन हीच किंमत!

ही नाणी दुर्मिळ झाली ती कायद्यातील एका आकड्यामुळे. सोन्याचा भाव चांदीच्या १५ पट ठरविण्यात आला होता. युरोपात तो त्याहून अधिक होता. साहजिकच व्यापारी ही नाणी जहाजांतून परदेशी धाडीत आणि तेथे ती वितळविली जात. दहा डॉलरचे नाणे पाडणे तर १८०४ मध्ये थांबवावे लागले. पुढे १८३४ च्या कायद्याने नव्या नाण्यांतील सोने घटविले. जुन्या दहा डॉलरमध्ये आता साडेदहा डॉलरांहून अधिक सोने भरू लागले आणि उरलीसुरली नाणीही मुशीत गेली.

१८२२ चे हाफ ईगल हे याचे ठळक उदाहरण. टांकसाळीच्या नोंदीत त्या वर्षीची १७,७९६ नाणी आहेत. अर्थात त्या सर्वांवर १८२२ हेच साल असेल असे नाही, कारण जुने साचे झिजेपर्यंत वापरले जात. तरीही आज ज्ञात आहेत ती अवघी तीन. दोन स्मिथसोनियन संस्थेत आहेत. खासगी हातातील एकमेव नाणे १९८२ मध्ये ६,८७,५०० डॉलरना, तर मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरना विकले गेले.

नवख्या संग्राहकाने १८०७ ते १८१२ मधील हाफ ईगलपासून आरंभ करावा. ती त्यामानाने सुलभ आहेत. नाण्यावर समांतर ओरखडे दिसले तर दचकू नये. वजन अधिक भरल्यास टांकसाळीतच ठसा उमटविण्यापूर्वी चकतीवर कानस फिरवीत, त्याच्या त्या खुणा होत. दागिन्यासाठी डाकलेल्या कडीचा डाग मात्र किमतीस मोठा धक्का देतो. नाणे घासून चकचकीत करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. बनावट नाण्यांचाही सुळसुळाट आहे. म्हणून सीलबंद, प्रमाणित नाणेच घ्यावे आणि तरीही वजन स्वतः करून पाहावे. १८३४ पूर्वीचे हाफ ईगल पावणेनऊ ग्रॅम भरते.