धर्मशाळेची ओसरी आणि वृद्धगृहाची बाग

धर्मादाय वास्तूंचा अभ्यास करताना दात्याचे नाव आणि शिलालेख यांकडे लक्ष प्रथम जाते. परंतु आश्रितास तेथे किती काळ राहण्याची मुभा होती, हा प्रश्न वास्तूच्या रचनेवर अधिक प्रकाश टाकतो.

तुकाराममहाराजांच्या पालखीचा सोहळा नारायणमहाराजांनी 1685 साली सुरू केला. ही पालखी बारामतीहून काटेवाडी, भवानीनगरलगतचे सणसर व निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास जाते. अशा वाटांवरील धर्मशाळा ही चालणाऱ्या माणसाची वास्तू होय. उंच जोते, रस्त्याकडे उघडी ओसरी, आत चौक, भोवती ओवऱ्या व जवळ विहीर एवढ्यावर तिचे भागे. मुक्काम दोन-तीन रात्रींचा असल्याने बागेचे प्रयोजन नव्हते.

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील धर्मादाय वृद्धगृहे याच्या अगदी उलट आहेत. यॉर्कशायरमधील सॉल्टेअर येथे गिरणीमालक टायटस सॉल्ट याने 1868 साली बांधविलेली 45 घरे हे त्यांचे ठळक उदाहरण. लॉकवुड व मॉसन या वास्तुकारांनी इटालियन धाटणीची ही घरे एका चौकाभोवती रचली आणि मधोमध बाग राखली. ज्याचे चालणे संपले, त्यास दारातूनच हिरवळ दिसावी, ही सोय त्यात आहे. मात्र प्रवेशास दोन अटी होत्या : सदाचरण आणि वार्धक्य, रोग वा पंगुत्व यांमुळे आलेली श्रमाची असमर्थता. आश्रितास विसावा देणारी बाग त्यास सतत दृष्टीसमोरही ठेवीत होती.

पुण्यात डेव्हिड ससून (1792–1864) यांच्या दानातून उभे राहिलेले अनाथ पंगुगृह, म्हणजे आजचा ‘निवारा’, ही कायम वास्तव्याची कल्पना राबविणारी संस्था होय. परंतु ती शहरात होती. 1876–77 च्या दुष्काळात इंदापूर व भीमथडी तालुक्यांतील सशक्तांना खडी फोडण्याचे व मातीकामाचे काम मिळाले. जो अशक्त, तो तुटपुंज्या धर्मादायावर अवलंबून राहिला. सॉल्टेअर येथे श्रमाची जी असमर्थता बागेतील घराचा अधिकार देई, तीच येथे माणसास निराधार करी.

या भेदाचे एक कारण पाणी हे असावे. धर्मशाळेस एक विहीर पुरे. बागेस बारमाही पाणी व त्यासाठी कायमचे उत्पन्न हवे. या अवर्षणग्रस्त पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1880 च्या दशकात आले आणि त्यावर पुढे ऊस पिकला. तोवर उदार दात्यासही येथे ओसरी बांधणे शक्य होते, बाग राखणे दुष्कर होते.

म्हणून धर्मशाळेस वृद्धगृहाचे अपुरे रूप मानणे युक्त नव्हे. एकीने दार उघडे ठेवले, पण थांबू दिले नाही. दुसऱ्याने थांबू दिले, पण पात्रता तपासूनच. जुन्या धर्मादाय वास्तूंची नोंद करताना कमानी व खण मोजण्याबरोबर या दोन मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. अन्यथा त्या इतिहासात दाता राहील आणि आश्रित हरवेल.