समाजदंड

समाजदंड : जातीने, जमातीने किंवा गावाने आपला नियम मोडणाऱ्या माणसाला पंचांमार्फत दिलेली शिक्षा. रोख दंड, जातभाईंना जेवण, रोटीबेटी व्यवहार बंद करणे आणि वाळीत टाकणे हे तिचे नेहमीचे प्रकार. या नोंदीत वैनगंगेच्या खोऱ्यातली, म्हणजे बालाघाट, गोंदिया आणि भंडारा या पट्ट्यातली पद्धत घेतली आहे. जुन्या बावलीसाठी ओळखले जाणारे हट्टा हे गाव याच पट्ट्यात, बालाघाट जिल्ह्यात येते. पोवार, लोधी, मरार, कलार, गोंड, महार असे समाज इथे पिढ्यानपिढ्या शेजारी राहत आले आहेत. १८६७ साली बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी अमलात चोरी-मारामारी ठाण्यात जाऊ लागली, तरी खाणेपिणे, लग्न, सोडचिठ्ठी आणि विटाळ यांचे निवाडे जातीचे पंचच करत राहिले.

या निवाड्यांची सविस्तर नोंद रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या चार खंडांच्या ग्रंथात (१९१६) सापडते. त्यात जातीबाहेर टाकण्याची जी कारणे पुन्हा पुन्हा येतात, त्यांतली बरीचशी माणसाने जाणूनबुजून केलेली नाहीतच. जखमेत किडे पडले तर तो माणूस बाहेर. परजातीच्या माणसाने चपलेने मारले तर मार खाणारा बाहेर. गळ्यात दावे असताना गाय मेली तर मालकावर गोहत्येचा ठपका. किडे पडलेल्या माणसाला आधीच यातना होत असत, औषधपाण्याची सोय नसे, आणि नेमक्या त्या वेळी त्याच्याशी पाण्याचा व्यवहार तुटे. पंचांच्या लेखी दोष म्हणजे लागणारा विटाळ होता. विटाळ लागला की नाही एवढेच पाहायचे. तो कसा लागला हा प्रश्न त्यामुळे गौण ठरे. समाजदंडातला सर्वांत मोठा अन्याय इथे आहे. मनात काय होते हे न विचारता दिलेली शिक्षा निरपराध माणसावर हमखास पडते, आणि ती देणाऱ्यांना आपण चुकलो असे वाटतही नाही.

शास्त्राला हा भेद ठाऊक नव्हता असे नाही. धर्मशास्त्रात बुद्धिपुरस्सर केलेले पाप आणि नकळत घडलेले पाप यांची प्रायश्चित्ते वेगळी सांगितली आहेत. मुले, वृद्ध आणि आजारी यांना ती निम्म्यावर आणण्याची सोयही आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) या विषयाचा तपशीलवार परामर्श घेतला आहे. मराठेशाहीतले प्रसिद्ध उदाहरण नेताजी पालकर यांचे. औरंगजेबाच्या कैदेत त्यांचे धर्मांतर झाले. १६७६ मध्ये परतल्यावर शिवाजी महाराजांच्या पुढाकाराने त्यांना प्रायश्चित्त देऊन पुन्हा स्वधर्मात घेण्यात आले. जबरदस्तीने घडलेल्या गोष्टीसाठी परतीची वाट मोकळी ठेवता येते, हे त्यातून दिसले. त्याच काळातल्या गोतसभांचे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभांचे, कामकाज वतन-मिराशीच्या भांडणांत अधिक काटेकोर असे. दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा, म्हणजे निवाडा मान्य करण्याचे वचन, लिहून घेत, साक्षी होत, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी म्हणजे दंड आणि जिंकणाऱ्याकडून हरकी म्हणजे निवाड्याचा मोबदला वसूल केला जाई. खाण्यापिण्याच्या आणि विटाळाच्या प्रश्नांत मात्र हा काटेकोरपणा क्वचितच उतरला.

जुन्या पद्धतीची एक बाजू मान्य करायला हवी. जातीत परत येण्याचा विधी ठरलेला होता आणि तो सर्वांना माहीत असे. गोंडांसह काही जमातींत सोनवानी कुळाच्या माणसाकडे शुद्धीचा मान असे. सोने बुडवलेले पाणी तो दोषी माणसावर शिंपडी. मग पंगत बसे आणि एकत्र जेवण झाले की प्रकरण मिटे. एकाच कुळाने दुसऱ्याचा दोष धुवायचे काम पिढ्यानपिढ्या अंगावर घ्यावे, ही या खोऱ्यातली मोलाची गोष्ट आहे. पण पंगतीचा खर्च दोषी माणसाने करायचा असे. चार एकरवाला तो उचले. मजूर सावकाराकडे जाई किंवा वर्षानुवर्षे बाहेर राही. एकाच चुकीची शिक्षा त्यामुळे ऐपतीप्रमाणे हलकी-भारी होई.

१ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंड संहिता लागू झाली. कलम ८० नुसार कायदेशीर काम योग्य काळजी घेऊन करताना, गुन्ह्याचा हेतू किंवा जाणीव नसताना घडलेला अपघात गुन्हा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ मध्ये आहे. सरकारी न्यायालयात हेतू तपासला जाऊ लागला, पण पंचांच्या बैठकीला हा नियम बंधनकारक नव्हता.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. त्यानंतर अर्धशतक महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा नव्हता. २०१३ मध्ये नाशिकला आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती मुलीची पित्याने हत्या केली आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा संमत केला. ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. समेटाची वाट त्याआधीच, १५ ऑगस्ट २००७ पासून, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने दाखवली होती.

मध्य प्रदेशात २०२२ च्या पेसा नियमांनी अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना शांतता व विवाद निवारण समित्या दिल्या. बालाघाट जिल्ह्यात हे क्षेत्र बैहर भागात आहे; हट्टा त्याबाहेर येते. महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा दोन राज्यांच्या सीमेवरच्या बाघ नदीपाशीच संपतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसावर इतरांनी बहिष्कार घातला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा देशभर लागू होतो, पण स्वतःच्याच जातीच्या पंचांनी वाळीत टाकलेल्याला त्याचा आधार मिळत नाही. अशा कुटुंबांसाठी मध्य प्रदेशानेही महाराष्ट्रासारखा कायदा करणे आवश्यक आहे.